उत्तर नसलेला नकाशा

माझे यजमान गेले त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न निघाला तो दक्षिणेचा. लोक त्यांना पोचवून परत आले, गुरुजींनी पुढच्या खोलीत कणीक पसरून वर दिवा ठेवला आणि विचारले, "दक्षिण कुठली?" वात दक्षिणेकडे हवी, ती यमाची दिशा. खोलीत सात-आठ माणसे होती, त्यांतली तीन इंजिनिअर. सगळ्यांनी खिशातून मोबाइल काढले आणि चार मोबाइलांनी मिळून तीन दक्षिणा दाखवल्या. ज्याला झोपेतून उठवून विचारले असते तरी बरोबर सांगता आले असते, तो माणूस तेवढा घरात नव्हता.

शेवटी भाचा पुढे झाला. भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी त्यानेच दिला होता.

"मोबाइल ठेवा बाजूला," तो म्हणाला. "माझी शाळा याच रोडला, पैठण रोडला. शाळेच्या मैदानात मामांनी बांधलेला नकाशा. त्यात हिमालय चितेगावच्या अंगाला अन् कन्याकुमारी शहराच्या अंगाला. म्हणजे दक्षिण शहराकडं."

त्याने इतक्या खात्रीने हात केला की गुरुजींनी लगेच समई सरकवावी तसा दिवा सरकवला. मामांच्याच नकाशाचा दाखला दिल्यावर कोण काय बोलणार?

चौथ्या दिवशी मला झोप लागत नव्हती म्हणून मी पहाटे उठून ह्यांचा खण आवरायला घेतला. त्यात त्यांचे होकायंत्र सापडले. पितळी, झाकणाचे, खात्यात असताना घेतलेले. सहज म्हणून दिव्याशेजारी ठेवले. काटा थरथरला आणि वातीच्या रेषेत जाऊन थांबला. वात शहराकडे, म्हणजे उत्तरेकडे होती; दक्षिण चितेगावच्या अंगाला. चार दिवस आम्ही ह्यांना यमाकडे पाठवायचे सोडून दिल्लीकडे पाठवत होतो. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस. दिल्लीला गेलेली फाइल परत येत नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणूनच बहुधा निमूट वाट बघत बसले असतील. मी कोणाला न सांगता दिवा फिरवून ठेवला.

भाच्याची चूक नव्हती. शाळेत शिकवले तेच त्याने सांगितले. चूक नकाशात होती, नकाशा ह्यांनी बांधला होता, आणि ती चूक त्यात कशी गेली हे मला माहीत आहे. कारण त्यात एक वाक्य माझे आहे.

आधी ह्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. हे वैजापूर तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. तिथे वावरांना नावे नसतात, दिशा असतात. उगवतीचे वावर, मावळतीचा बांध. मी गुलमंडीची. आमच्याकडे उत्तर-दक्षिण नव्हतीच. कापडाच्या दुकानासमोर, भांडेवाल्याच्या अलीकडे, एवढ्यावर आमच्या चार पिढ्या सुखाने जगल्या, कचेरीत जाऊन परत घरी आल्या. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मला म्हणाले, "जरा पूर्वेला सरक." मी पलंगावरून उठून उभी राहिले. कुठे सरकायचे ते कळेना.

आमच्या स्वयंपाकघरात कपाटे दोन. मीठमसाला उत्तरेच्या कपाटात, लोणची दक्षिणेच्या. ही नावे ह्यांनी ठेवली. मी पन्नास वर्षे 'मिठाचे कपाट' आणि 'लोणच्याचे कपाट' म्हणत राहिले आणि हे पन्नास वर्षे मला दुरुस्त करत राहिले. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. हजारो पुस्तकांतले हवे ते पुस्तक मला अंधारात सापडायचे. पण कॉलेजाचे दार कुठल्या दिशेला आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत सांगता आले नाही. ह्यांच्या मते मी अशिक्षित होते.

नोकरी पाटबंधारे खात्यात. कालव्याचा तळ वीतभर चुकला तरी शेवटच्या गावाला पाणी जात नाही, हे ह्यांचे आवडते वाक्य. शेवटच्या गावाला पाणी तरीही जात नसे, पण त्याची कारणे ह्यांच्या खात्याच्या बाहेरची होती, असे ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर इतर साहेबांनी प्लॉट घेतले, तीर्थयात्रा केल्या. ह्यांनी देश बांधायचे ठरवले. सिमेंटचा, उंचसखल, उघड्यावरचा. पैठण रोडच्या एका शाळेच्या मैदानात, मुलांनी वर चढून बघावा असा. शाळेच्या अध्यक्षांनी जागा दिली आणि माल दिला. मजुरी म्हणून ह्यांना रोज दोन वेळा चहा होता.

सहा महिने आमचे जेवणाचे टेबल सह्याद्रीखाली होते. त्यावर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांचे कागद, त्यावर पेपरवेट म्हणून माझी लोणच्याची बरणी. मी ताट मांडीवर घेऊन जेवायची. एकदा म्हटले, "अहो, बंगालचा उपसागर तरी सरकवा, आमटी ठेवते."

"वरच्या कोपऱ्याला धक्का लावू नकोस," हे म्हणाले. "तिथं आसाम आहे."

उंचीचा घोळ मला तेव्हाच कळला. लांबीरुंदीच्याच प्रमाणात उंची घेतली तर अख्खा हिमालय चार बोटे भरतो. म्हणून उंची वीसपट फुगवावी लागते. मग तो पुरुषभर होतो. एवढे करूनही आपला देवगिरी बोराएवढा आला. अध्यक्षांना ते पटले नाही. "साहेब, आपल्या जिल्ह्याचा किल्ला, अन् एवढासाच? जरा दाबून वर घ्या की." ह्यांनी घेतला नाही. मला वाटते त्याच दिवशी अध्यक्षांच्या मनात पहिली अढी बसली.

पण ह्यांचा खरा जीव होता दिशेत. मैदानावर होकायंत्र लावून, दोऱ्या ताणून, चुन्याच्या फक्कीने सगळा किनारा आखला तेव्हा ते मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. मला आपल्या शहराच्या ठिपक्यावर उभे केले. "आता नागपूरच्या ठिपक्याकडं हात कर. केलास? हा हात असाच लांब वाढत गेला तर खऱ्या नागपूरला लागंल. भिंतीवरच्या नकाशाला दिशा नसते. तो टांगलेला असतो, त्यानं काय वाटेल ते बोलावं. जमिनीवर आडवा पडलेला नकाशा खोटं बोलू शकत नाही."

ऊन फार होते. मी म्हटले, "लागलं नागपूर. आता घरी चला."

आणि मग वास्तूवाले आले. अध्यक्षांनीच बोलावले होते. पांढरा शर्ट, हातात आमच्याहून मोठे होकायंत्र. त्यांनी मैदानाला एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"ईशान्य हलकी पाहिजे, नैऋत्य जड. उत्तरेला पाणी पाहिजे, ती कुबेराची दिशा. अन् तुम्ही तर सगळा हिमालय उत्तरेला टाकायला निघालात!"

"मी टाकलेला नाही," हे म्हणाले. "तो तिथंच होता."

"म्हणूनच देशाची ही अवस्था आहे," वास्तूवाले म्हणाले.

अध्यक्षांनी ह्यांना बाजूला घेतले. "साहेब, देशाचं जाऊ द्या. देशाचं काय व्हायचं ते होतंय. तुम्ही संस्थेचा विचार करा. नकाशा तोच ठेवा, एक रेष हलवू नका. फक्त फिरवा. हिमालय चितेगावकडं, समुद्र शहराकडं. नायतर राहू द्या मग, आपण तिथं बाग करू."

काम आठ दिवस थांबले. हे जेवेनात. टेबलावरचा कागद मात्र उठला नाही, आणि मला ते जास्त खटकत होते. नवव्या दिवशी मी मांडीवर ताट घेऊन बसले होते, हे पुढ्यात कागदाकडे बघत बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेले:

"अहो, पृथ्वी गोल आहे ना? मग फिरवा की."

ह्यांनी माझ्याकडे बघितले. मग हसले. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मलाही बरे वाटले. वाटले, आपण काही तरी शहाणपणाचे बोललो. दुसऱ्या दिवशी हे जाऊन नकाशा फिरवून आले.

नकाशा झाला आणि फार सुंदर झाला, हे मला म्हणायलाच हवे. सहली येऊ लागल्या. फक्त त्यात सूर्य कच्छच्या पलीकडून उगवायचा आणि अरुणाचलात मावळायचा. शहराच्या ठिपक्यावर उभे राहून नागपूरकडे हात केला की तो सरळ मुंबईकडे जायचा. पुढाऱ्यांच्या बाबतीत असे घडते, पण मुलांना ते कोणी सांगितले नाही. "उत्तरेकडे तोंड करा" म्हटले की अख्खा वर्ग चितेगावकडे तोंड करायचा. वीसेक वर्षांत किती वर्ग असे फिरले, आणि ती मुले आता कुठे कुठे नोकऱ्या करतात, देव जाणे. त्यांतला एक आमच्या पुढच्या खोलीत दिवा लावून गेला.

नकाशावर तीन गोष्टी असाव्या लागतात असे ह्यांनीच मला शिकवले होते. प्रमाण, सूची आणि उत्तरेचा बाण. ह्यांनी पहिल्या दोन कोरल्या. बाण कोरला नाही. आपले नावही घातले नाही. अध्यक्षांनी खूप आग्रह केला, ह्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. मी एकदा विचारले, "अहो, उत्तर कुठे आहे त्यात?"

"त्यात उत्तर नाही," हे म्हणाले. "म्हणून माझं नावही नाही."

त्यानंतर त्यांनी त्याला कधी नकाशा म्हटले नाही. दर रविवारी शेवाळ खरवडायला जायचे आणि सांगून जायचे, "त्या सिमेंटच्या कामाकडं जाऊन येतो."

हे सगळे मला माहीत होते. म्हणून यंदा शाळेतून माणसे आली तेव्हा मी जे केले त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

आता अध्यक्ष म्हणजे जुन्या अध्यक्षांचा मुलगा. तोही त्याच शाळेचा विद्यार्थी. हार, पेढे आणि शाल घेऊन आला. माणूस गेलेल्या घरी पेढे आणू नयेत, हे शाळेत शिकवत नसावेत. म्हणाला, "ताई, साहेबांचं एवढं मोठं काम, अन् त्यावर साहेबांचं नाव नाय. लई वाईट वाटतं. आम्ही ग्रॅनाइटची पाटी करतो. गॅदरिंगला अनावरण."

ह्यांना नको होते, हे मला म्हणता आले असते. पण घर रिकामे होते, आणि कुठे तरी ह्यांचे नाव दगडात दिसावे असे मला वाटले. मी मोह झाकण्यासाठी एक अट घातली. पाटीसमोर जमिनीत उत्तरेचा बाण बसवायचा. खरा. मग नाव लावा. म्हणजे नकाशा उलटा असला तरी ज्याने बांधला त्याला ते माहीत होते, एवढे तरी दिसेल.

"बाण ना? लावू की," अध्यक्ष म्हणाला. "दोन लावू."

"एकच पुरे. उत्तर एकच असते."

बाण बसवायला मी ह्यांच्या जुन्या मिस्त्रींना शोधून काढले. नकाशाची सगळी थापी त्यांच्याच हातची. दाढी पांढरी झालेली, गुडघे धरलेले. मी होकायंत्र जमिनीवर ठेवले, काटा थांबला आणि त्यांनी पितळेचा बाण त्या रेषेत ठेवून बघितला. टोक हिमालयाकडे पाठ करून समुद्राकडे, शहराकडे.

"बाई, पक्का ना?" ते म्हणाले. "मागच्या टायमाला बी आधी असंच. मग साहेबांनी सगळा मुलुख उलटा करायला लावला. फक्की पुसून पुसून हात फाटले माझे. मैं पूछा, साहेब, ये क्या? बोले, घर से हुकूम आया."

"मी कुठे हुकूम केला?"

"अब वो तुमकू मालूम," मिस्त्री म्हणाले आणि सिमेंट कालवायला लागले.

घरी येताना रिक्षात मी तेच घोळवत होते. मला आजवर वाटत होते की हे अध्यक्षांपुढे वाकले. माझ्या मनात त्याबद्दल थोडी कीवही होती; बायकांना नवऱ्याची असते तशी.

अनावरणाच्या दिवशी मी लवकर गेले. मांडव, लाउडस्पीकर, पाटीवर जांभळा पडदा. बाणाभोवती फुलांची रांगोळी काढलेली. बाणाचे टोक हिमालयाकडे होते.

मी आधी माझ्यावरच शंका घेतली. पन्नास वर्षांची सवय. मग पर्समधून होकायंत्र काढले, वाकून बाणावर ठेवले. काटा बाणाच्या बरोबर शेपटीकडे गेला.

"ताई, आलात!" अध्यक्ष धावत आला. "अहो, तुमच्या मिस्त्रीनं घोटाळा केला होता. बाण उलटा लावला होता त्यानं, थेट कन्याकुमारीकडं! कालच माझ्या लक्षात आलं. मी स्वतः उभं राहून सरळ करून घेतला. नायतर आज साहेबांच्या नावाला बट्टा लागला असता."

मिस्त्री मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले.

"उत्तर तिकडे आहे," मी म्हटले आणि शहराकडे हात केला. "हे बघा."

अध्यक्षाने होकायंत्र हातात घेतले, कानाजवळ नेऊन हलवून बघितले. "जुनं झालंय ताई. बिघडलं असंल."

"सूर्य बघा मग. सकाळ आहे. सूर्य कुठल्या समुद्रावर आहे?"

त्याने सूर्याकडे बघितले, नकाशाकडे बघितले. सूर्य अरबी समुद्रावर होता. एवढी वर्षे तो तिथूनच उगवत होता. मला वाटले, आता उलगडेल. आणि उलगडले तसे. त्याच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्याचे हसू आले.

"हां, हां! आठवलं. वडील सांगायचे. हा फिरवलेला आहे. अहो, मग त्यात काय? साहेबच वडिलांना म्हणाले होते ना, पृथ्वी गोल आहे, फिरवला म्हणून काय बिघडलं! वडील लई खूश झाले होते. भाषणात सांगायचे ते वाक्य."

वीस वर्षे ते वाक्य कोणाकोणाच्या भाषणात फिरत होते, ह्यांच्या नावावर. ह्यांनी मला सांगितलेही नाही, की बाई, तुझे वाक्य चालले. ते नाव तेवढे त्या वाक्याला लागले होते. सिमेंटला लागू दिले नव्हते.

"बाण फिरवून द्या," मी शेवटी म्हटले.

"आता? ताई, पाहुणे आलेत. अन् पोरांना कन्फ्यूज होईल. एवढी वर्षं शिकलीत ती."

"मग नाव काढून द्या."

"असं कसं, ताई? पडदा लावलाय!"

मी मिस्त्रींना विचारले, पाटी कशी बसवली आहे. म्हणाले, चार स्क्रू. पेचकस त्यांच्या पिशवीत होता. ते पडद्याच्या मागे गेले आणि मी पडद्यासमोर उभी राहिले. कोणी पुढे झाले नाही. विधवा बाईला सार्वजनिक ठिकाणी अडवायचे कसे, ह्याचा आपल्याकडे सराव नाही. पाटी अपेक्षेपेक्षा जड होती. मिस्त्रींनी ती माझ्या रिक्षात आणून ठेवली.

"बाईसाब, बाणाचं काय?"

"राहू द्या. त्यावर नाव नाही."

मागून लाउडस्पीकरवर अध्यक्षाचा आवाज ऐकू आला. कार्यक्रम झाला, असे नंतर कळले. पडदा ओढला, मागे भिंत होती, टाळ्या झाल्या.

ह्यांनी दोनच गोष्टी सोडल्या होत्या, बाण आणि नाव. मी दोन्ही लावायला गेले. नाव परत आणता आले. बाण तिथेच आहे, चितेगावकडे दिल्ली दाखवत.

परवा रविवारी भाचा आला. शाळेच्या ग्रुपवर सगळे विचारत होते म्हणून त्याला पाटीचा फोटो हवा होता.

"मामी, पाटी कुठं ठेवली?"

"उत्तरेच्या कपाटात."

तो न विचारता आत गेला. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला, मग बरण्या सरकवल्याचा.

"मामी, इथं तर नुसती लोणची आहेत."

मी दुसऱ्या दाराच्या आवाजाची वाट बघत बसले. कपाटे दोनच आहेत.